ट्रिगर हँग होतो तेव्हा…

तुमचा कम्प्युटर हँग झाला की तुम्ही काय करता? मी आधी शिव्या घालते. मग दिसतील ती बटणं दाबते, मग रिस्टार्ट मारते. तरीही जमलं नाही तर आयटीवाल्याला फोन. तो पलीकडून थंड आवाजात विचारतो, ‘मॅडम, तुम्ही नेमकं काय केलंत?’ आणि मी बाणेदारपणे सांगते, ‘काहीच नाही केलं हो!’

अगदी हाच डायलॉग जानेवारी २०२५ मध्ये मी सूरजागडच्या पायथ्याशी ऐकला. फरक इतकाच, की टेबलावर कम्प्युटरऐवजी एक रायफल होती. आणि ‘काहीच नाही केलं’ म्हणणारा चोवीसेक वर्षांचा एक पोलिस शिपाई होता. त्याच्या कपाळावर घाम होता. जानेवारीत. गडचिरोलीतल्या थंडीत!

मी तिथे काय करत होते? हाच प्रश्न आईने पुण्यातून निघताना विचारला होता. फ्रीलान्सरला असे प्रश्न विचारायचे नसतात. एका संपादकांना ‘गडचिरोलीची यंग जनरेशन’ असा फील-गुड फीचर हवा होता. म्हणजे रील्स बघणारी पोरं, नवे मोबाइल टॉवर, नवे रस्ते आणि जमलंच तर एखादा हँडसम कमांडो. ‘फोटो मस्ट हं,’ असं तीनदा बजावलं होतं.

नागपूर, चंद्रपूर, आष्टी, आलापल्ली, एटापल्ली असा प्रवास. आलापल्लीचा सागवान बघून तुम्ही खिडकीला नाक लावता, तेवढ्यात समोरून लोहखनिजाचे ट्रक यायला लागतात. एक, दोन, दहा, वीस… मी मोजणं सोडून दिलं. रस्त्याकडेच्या झाडांची पानं हिरवी नाहीत, विटेच्या रंगाची. माझा पांढरा कुर्ता (हो, पांढरा! हसू नका) एटापल्लीपर्यंत गुलाबी झाला होता.

सूरजागडचा डोंगर म्हणजे लोखंडच. माडिया लोकांसाठी तो ठाकूरदेवाचा डोंगर, जानेवारीत इथे यात्रा भरते. कंपन्यांसाठी तो उंच दर्जाचं हेमटाइट. आणि पोलिसांसाठी तो अनेक वर्षं ‘सेन्सिटिव्ह’ या एका शब्दात मावणारा इलाखा. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी इथे खाणीच्या कामावरची ऐंशीच्या आसपास वाहनं पेटवून दिली होती. २०२१ पासून खाण जोरात सुरू झाली, बंदोबस्त वाढला, ट्रक वाढले. आणि धूळ वाढली. ही धूळ लक्षात ठेवा, तिचा पुढे रोल आहे.

या भागात पोलिस ठाण्याच्या खालची जी चौकी असते तिला ‘पोलिस मदत केंद्र’ म्हणतात. तारेचं कुंपण, वाळूच्या गोण्यांचे मोर्चे, मधे व्हॉलीबॉलचं नेट. अशाच एका केंद्रात मला अर्ध्या दिवसाची परवानगी मिळाली होती. (कुठलं ते लिहायचं नाही, असं ठरलंय.) पण हँडसम कमांडो पहाटेच जंगलात गेले होते. उरले होते स्वयंपाकी, संत्री, एक आजारी कुत्रा आणि मुख्यालयातून शस्त्रतपासणीला आलेले आर्मोरर. साठीकडे झुकलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सगळे त्यांना ‘उस्ताद’ म्हणत होते.

प्रभारी साहेब म्हणाले, ‘बसा उस्तादांजवळ. बघा काय बघायचं ते. मोबाइल मात्र इथे ठेवा.’

फीचरचा फोटो गेला, असं मनात म्हणत मी चिंचेखाली ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

मला बंदुकीतलं काय कळतं? सिनेमात बघितलेलं. ‘घोडा दाबणे’ हा शब्दप्रयोग मी कित्येकदा लिहिलाय. उस्तादांनी पहिल्या पाच मिनिटांत माझं मराठी सुधारलं. ‘घोडा आत असते मॅडम. तुम्ही बोटानं दाबता ते चाप. चाप दाबला की घोडा सुटते, तो फायरिंग पिनवर आदळते, पिन गोळीच्या बुडावर. घोडा कोणी दाबत नाही जी, त्याला फक्त सोडते.’

टेबलावर होती ती एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढाव्या लागणाऱ्या थ्री-नॉट-थ्री घेऊन लढले. त्यानंतर साठच्या दशकात बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ही बनायला लागली. मूळ डिझाइन बेल्जियमचं. मॅगझिनमध्ये वीस गोळ्या, वजन साडेचार किलोच्या आसपास. मी उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली. जिमची मेंबरशिप वाया गेलीय, एवढं कळलं. लष्करातून ती कधीच मागे पडली, आता एके-४७ आणि बाकीच्यांचा जमाना आहे. पण पोलिसांकडे, विशेषतः संत्र्याच्या हातात, ती अजून दिसते.

ही सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे काय, तर एकदा चाप ओढला की एकच गोळी. पुढची गोळी बंदूक स्वतः भरते, घोडा स्वतः चढवते. पण तुम्ही चाप पूर्ण सोडून पुन्हा ओढेपर्यंत उडवत नाही. आत एक अडकण असते, ती चढलेला घोडा पकडून ठेवते. चाप सोडलात की अडकण त्याच्या ताब्यात परत येते. तेव्हा बारीकशी ‘टिक’ ऐकू येते, बोटालाही जाणवते. त्यानंतरच दुसरी गोळी.

तर तक्रार अशी होती, की आठवड्यापूर्वीच्या सरावात या पोराची पहिली गोळी उडाली आणि नंतर ट्रिगर डेड. सराव घेणाऱ्यांनी बघितलं, कॉक करून पुन्हा चालवलं तर चाललं! मग पोरावरच शेरा आला: घाबरतो, चाप नीट सोडत नाही. तुमचं मशिन आयटीवाला समोर आल्यावर बरोब्बर सुरू होतं ना, तस्संच.

उस्तादांनी रायफलला हात लावायच्या आधी तिचं तोंड वाळूच्या गोण्यांकडे केलं. मॅगझिन काढलं. कॉकिंग हँडल दोनदा मागे ओढलं. चेंबरमध्ये डोकावले. मग करंगळी घालून चाचपलं. पोराने आधीच खाली करून दिली होती, तरीही. ‘दुसऱ्यानं खाली केलेली बंदूक भरलेलीच समजायची,’ म्हणाले. मेलेल्या ट्रिगरच्या बंदुकीची भीती जास्त, कारण चेंबरमध्ये गोळी असू शकते आणि ती कधी जाईल याची गॅरंटी नाही.

मग चौकशी सुरू झाली.

‘ट्रिगर कडक झाला का ढिला पडला?’

‘ढिला, उस्ताद.’

‘टक आवाज आला?’

‘नाही.’

मला हे जाम इंटरेस्टिंग वाटलं, कारण अर्धं निदान या दोन प्रश्नांत होतं. चाप दगडासारखा कडक असेल तर आधी सेफ्टी बघा, बहुतेक वेळा ती लागलेली असते आणि घाबरलेला माणूस चाप ओढत बसतो. ‘टक’ झालं पण गोळी उडाली नाही, तर ट्रिगर बिचारा निर्दोष. गोळी खराब, नाहीतर फायरिंग पिन. ‘टक’च झालं नाही आणि चाप ढिला, म्हणजे एक तर घोडा चढलाच नाही किंवा चापाने अडकण पकडली नाही. घोडा चढला नसेल तर संशय पुढच्या टोकाला. एसएलआर गोळीच्याच गॅसवर चालते. गॅस कमी पडला तर बोल्ट पुरेसा मागे येत नाही. ‘लोक ट्रिगर ट्रिगर म्हणतात मॅडम. दहातल्या किती तक्रारी खरंच ट्रिगरच्या असतात ते मलाच माहीत.’

गॅस रेग्युलेटर त्यांनी बघितला, ठीक होता. बोल्ट बघितला, ठीक. मग खाली बंदुकीवरच टेस्ट. कॉक केलं, चाप ओढला. टक. बोट तसंच दाबून ठेवलं, दुसऱ्या हाताने पुन्हा कॉक केलं. आता बोट हळूहळू सोडायला लागले. आम्ही तिघंही कान देऊन.

टिक आलीच नाही.

बोट सुटलं, पण चाप अर्ध्यात थांबला होता. उस्ताद हलले नाहीत. दोन सेकंद गेले असतील. मग आपोआप, अगदी आळसात… टिक.

‘आला लेट लतीफ,’ उस्ताद म्हणाले.

मला हसू आलं. पोराला आलं नाही. त्याचं हसू गेलं ते पुढच्या प्रश्नामुळे.

‘कधीपासून करते ही अशी?’

‘गेल्या आठवड्यात, सरावात…’

‘सराव मी विचारला काय बे?’

पोरगा जमिनीकडे बघत राहिला. व्हॉलीबॉलच्या नेटपाशी कुणीतरी गाणं लावलं होतं, ते बंद झालं.

‘दिवाळीपासून,’ तो म्हणाला.

जरा हिशेब करा. दिवाळी ते मध्य जानेवारी. या काळात तो किती वेळा गस्तीला गेला असेल, किती रात्री मोर्चात उभा राहिला असेल? हा तोच जिल्हा, जिथे ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ एकाच चकमकीत सतरा पोलिस गेले. मे २०१९ मध्ये जांभुळखेड्याला स्फोटात पंधरा. आणि हा मुलगा एका गोळीनंतर थांबणारी रायफल खांद्याला लावून फिरत होता. कुणाला न सांगता.

का? तेही त्याने हळूहळू सांगितलं. सांगितलं की रजिस्टरमध्ये एंट्री होते. एंट्री झाली की ‘हत्यार कसं ठेवलं?’ म्हणून विचारणा होते. भरतीत आधी दोनदा नापास झालेला, तिसऱ्यांदा लागलेला. घरी आई, दोन बहिणी. ‘मला वाटलं होऊन जाईल जी बरोबर.’

आणि त्याने त्यावर वर्कअराउंड शोधला होता. चाप अडकला की बोटाच्या मागच्या बाजूने तो पुढे ढकलायचा. ढकलला की टिक येते. झालं काम! माझ्या लॅपटॉपचं चार्जर एका विशिष्ट कोनातच चालतं आणि मी दीड वर्षं त्याखाली पुस्तक ठेवून काम करतेय, त्यामुळे मी त्याला हसायच्या लायकीची नव्हते.

‘आणि तेल?’ उस्तादांनी विचारलं. ‘तेल किती टाकलं?’

‘…रोज.’

शिपायाला रायफल ठरावीक हद्दीपर्यंतच खोलता येते. नळी साफ करायची, बोल्ट काढून पुसायचा, गॅस सिलिंडर पुसायचा. चिंदी, ब्रश, तेल, बस. ट्रिगरच्या आतले भाग फक्त आर्मोररने काढायचे. नियम बरोबरच आहे, नाहीतर प्रत्येक जण स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसेल. पण मग ज्याला आत हात घालता येत नाही आणि बाहेर सांगता येत नाही, तो काय करेल? वरून तेल टाकेल. मनापासून, रोज रात्री, चार थेंब.

एसएलआरच्या डाव्या बाजूला मागे एक छोटी खिट्टी आहे. ती फिरवली की बंदूक मधोमध मोडून उघडते, पेन्सिल बॉक्ससारखी. उस्तादांनी टॉर्च मारला आणि मला म्हणाले, ‘या, बघा.’

मला वाटलं आतून गंज चढलाय. गंज नव्हता. तेलात कालवलेली लाल धूळ होती. विटेच्या रंगाचं, टूथपेस्टएवढं दाट काहीतरी अडकणीच्या आजूबाजूला, स्प्रिंगच्या खोबणीत बसलं होतं. माझ्या कुर्त्यावर होती तीच धूळ. ट्रक जातात, धूळ उडते, संत्र्याच्या बंदुकीवर बसते. कोरड्या लोखंडावरून ती फुंकरीने उडते. तेलकट लोखंडावर चिकटते. तो जितकं तेल टाकत गेला, तितकी ती चिकटत गेली. थंडीच्या रात्री तेल आणखी घट्ट व्हायचं. स्प्रिंग आपलं काम करत होती, पण तिला चिखलातून चालायला लावलं होतं.

(लोखंडाच्या डोंगरापाशी लोखंडाच्या बंदुकीला लोखंडाच्याच धुळीने अडवलं, हे वाक्य मी तेव्हाच वहीत लिहिलं. खूप आवडलं होतं. उस्तादांना ऐकवलं तर ते म्हणाले, ‘धूळ कोणतीही असती तरी अडलीच असती जी.’)

त्यांनी ट्रिगरचे भाग काढले, क्रमाने एका कापडावर मांडले, रॉकेलमध्ये बुडवले, जुन्या टूथब्रशने घासले. स्प्रिंग पुसून नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली. लांबी सारखी. ‘बदलायची नाही,’ म्हणाले. मी विचारलं, एवढं उघडलंच आहे तर नवी का नाही टाकत? त्यावर त्यांनी माझ्याकडे आयटीवाल्याच्या नजरेने बघितलं. नवी टाकली आणि रायफल चालली, तर सगळ्यांना वाटेल स्प्रिंग खराब होती. खरं कारण लपेल. पुढच्या दिवाळीत पुन्हा तेच.

मग जोडणी. तेलाचं बोट फिरवल्यासारखं केलं आणि तेही कापडाने पुसलं. कॉक, टक, कॉक, सोड… टिक. पुन्हा. पुन्हा. वीसेक वेळा तरी. प्रत्येक वेळी टिक वेळेवर.

चाळीस मिनिटांत खेळ खल्लास, असं वाटून मी वही मिटली. पण उस्तादांनी रायफल पोराच्या हातात दिली, त्याला पालथं झोपवलं आणि नळीच्या टोकावर दोन रुपयांचं नाणं ठेवलं. चाप ओढायचा, नाणं पडू द्यायचं नाही. नेमबाजीतला जुना सराव आहे हा.

टक. नाणं हललं नाही. शाब्बास! मग त्याने चाप सोडला आणि… नाणं खाली. पुन्हा ठेवलं, पुन्हा खाली. मला दोन-तीनदा बघितल्यावर कळलं. चाप आता आपोआप पुढे येत होता, पण त्याचं बोट अजूनही तो ढकलत होतं. अडीच महिन्यांची सवय. म्हणजे सरावात शेरा मारणारेही अगदीच चुकले नव्हते. बंदूक बिघडली होती आणि बंदुकीने माणूसही थोडा बिघडवला होता.

बंदूक चाळीस मिनिटांत नीट झाली. बोट नीट व्हायला अंधार पडला.

दोष कुणाचा, हा प्रश्न जगभर असाच गाजलाय बरं का. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांच्या नव्या एम-१६ रायफली लढाईत अडकत होत्या. सुरुवातीला म्हटलं गेलं, पोरं साफ करत नाहीत. १९६७ मध्ये संसदेच्या उपसमितीने चौकशी केली, तेव्हा निघालं की गोळीतली दारू बदलली होती, चेंबरला क्रोमचा थर नव्हता आणि साफसफाईचं साहित्यसुद्धा पुरेसं दिलं नव्हतं. मग १९६८ मध्ये सैन्याने काय करावं? विल आइसनर या प्रसिद्ध कॉमिक्सवाल्याकडून रायफल कशी सांभाळायची याचं चक्क चित्रमय पुस्तक काढून घेतलं! आपल्या इन्सासबद्दलही ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळी सैन्याने तक्रार केली होती, की माओवाद्यांशी लढताना ती दगा देते. बनावटीचा दोष की हाताळणीचा, यावर बराच वाद झाला.

उस्तादांच्या टेबलावर वाद झाला नाही. त्यांनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं: ट्रिगरच्या भागात धूळ व घट्ट झालेले तेल. साफ केले. सुटा भाग बदलला नाही. पोरगा शेजारी उभा होता. ‘माझं नाव?’ त्याने विचारलं. ‘रायफलचा नंबर लिहिते मी,’ उस्ताद म्हणाले. पण दिवाळीपासूनची गोष्ट त्यांनी साहेबांना सांगितली. त्याच्यासमोरच सांगितली. साहेबांनी त्याला जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही. आणि मग साहेबांनी केंद्रातल्या उरलेल्या एसएलआर टेबलावर मागवल्या.

आणखी दोन निघाल्या. तीच लाल पेस्ट, तीच उशिराची टिक. त्या दोघांनीही कुणाला सांगितलं नव्हतं.

आता माझं. डिसेंबरमध्ये माझ्या एका लेखात चूक झाली होती. एका बचत गटाची वर्षाची कमाई मी महिन्याची म्हणून लिहिली. छापून आलं. चार दिवसांनी गटातल्या ताईंचा फोन आला, की नातेवाईक उसने पैसे मागायला दारात उभे आहेत, सासरे हिशेब विचारताहेत. मी ‘बघते हं ताई’ म्हटलं. आणि बघितलं नाही. संपादकांना सांगितलं तर पुढचं काम जाईल, ही भीती. त्याऐवजी मी ताईंना गोड गोड मेसेज पाठवत राहिले. सणाच्या शुभेच्छा वगैरे. तेल.

त्या रात्री एटापल्लीत लॉजवर नेटवर्क एक काडी येत होतं. मेल तीन ओळींचा होता, लिहायला तासभर लागला. ‘खुलासा’ दोन आठवड्यांनी पान शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत आला. त्या संपादकांनी मला त्यानंतर काम दिलं नाही. ताईंनी तो खुलासा कापून, लॅमिनेट करून घरात लावलाय.

सकाळी निघण्यापूर्वी निरोप घ्यायला मी केंद्रावर थांबले. मागच्या मातीच्या बांधाकडे टेस्ट फायर चालणार होतं, मला गेटच्या आत सोडलं नाही. जीपपाशी उभी राहून ऐकलं. पहिली गोळी. दुसरी. तिसरी, चौथी, पाचवी. मधलं अंतर सारखं होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. त्यांनी चोपन्न हत्यारं ठेवली. त्यात एके-४७ होत्या, इन्सास होत्या. टीव्हीवर ते दृश्य बघताना माझ्या मनात आलं, या रायफलींचे उस्ताद कोण असतील? जंगलात, पावसात, सुट्या भागांशिवाय… मी त्या पोराला फोन लावला. त्याची बदली झालीय आता, ट्रकच्या रस्त्यापासून लांब.

‘रायफल कशी आहे?’ मी विचारलं.

‘एकदम मस्त, मॅडम. गेल्या महिन्यात एकदा चाप जड वाटला मले. त्याच दिवशी लिहून दिलं.’

‘मग?’

‘काही नव्हतं जी. मलाच सर्दी झाली होती, बोटं गारठली होती. उस्ताद लय चिडले.’